गुलाबी पेन्सिलीवर जळणारा लाल पेन

मी एक जुना लाल शाईचा पेन आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी जळका आहे. आजवर तुम्ही आत्मवृत्तं वाचली असतील ती सोशीक छत्र्यांची आणि दमलेल्या फळ्यांची. ही मंडळी फार भली असतात. कुणी मोडलं, कुणी अडगळीत टाकलं, तरी शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळी होतात. मला ते जमत नाही. माझ्या पोटात दुखतं, आणि ज्या कारणाने दुखतं ते कारण गुलाबी रंगाचं आहे. तिच्यावर चांदण्या छापलेल्या आहेत आणि डोक्यावर रबर आहे. तिच्याकडे मी येणारच आहे, पण आधी माझं ऐका.

माझा जन्म कांदिवलीला, चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत झाला. तिथल्या एका छोट्या गाळ्यात चंद्रप्रकाश नावाचे कारागीर लेथवर पेन बनवत. काळ्या कडक रबराची कांडी ते यंत्राला लावत आणि पटाशीने हळूहळू तासत. मला घडवायला त्यांना पूर्ण दुपार लागली. टोपण घट्ट बसतंय की नाही हे त्यांनी इतक्यांदा फिरवून पाहिलं की मला गरगरायला लागलं. मग त्यांनी मला चिंधीने घासून चमकवलं आणि खिडकीत ठेवलं. त्याच संध्याकाळी देवव्रत सर आले. घाटकोपरच्या एका मराठी शाळेत ते नववी-दहावीला मराठी शिकवत. त्यांनी मला हातात तोलून पाहिलं आणि म्हणाले, "लाल शाईसाठी हवाय. फुली अशी उमटली पाहिजे की मागच्या बाकावरून दिसली पाहिजे." चंद्रप्रकाश हसले आणि त्यांनी माझी निब बदलून जाड बसवली. मी केवढा फुगलो होतो म्हणून सांगू.

त्यानंतरची कित्येक वर्षं म्हणजे माझं राज्य होतं. सरांची शिकवण्याची पद्धत ठरलेली होती. धडा असो की कविता, ते फळ्यावर आदर्श उत्तर लिहून देत. मुलं ते वहीत उतरवत, पाठ करत आणि पेपरात जसंच्या तसं लिहीत. उत्तरात चार मुद्दे असत. मुद्दा दिसला की मी बरोबरची टिक मारायचो, नाही दिसला की फुली. सर वर्गात आले आणि त्यांनी माझं टोपण काढलं की डोंगरावरच्या वस्तीतली दांडगी पोरंसुद्धा गप्प व्हायची. सर वाईट नव्हते हो. ते म्हणायचे, "या पोरांना घरी समजावून सांगायला कोणी नाही. उत्तर पाठ असेल तर निदान दहावीची वेस ओलांडतील." आणि ओलांडायची. निकालाच्या दिवशी पालक पेढे घेऊन यायचे. सर खिशातल्या माझ्यावर हात ठेवून नमस्कार स्वीकारायचे, तेव्हा मला वाटायचं, पेढे माझेच.

नववीला पूरक वाचन म्हणून एक छोटी कादंबरी लावलेली होती. तिचं नाव मी सांगणार नाही, सांगितलं तर तुम्ही लगेच तयार उत्तर शोधायला लागाल. मुलुंडकडच्या मिठागरात राबणाऱ्या एका कुटुंबाची ती गोष्ट. घरात आई, वडील, कमळ नावाची थोरली मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. भावाला शाळेत घातलेलं असतं, कमळला नाही. भावाच्या लग्नाच्या दिवशी सगळे मांडवात असताना कमळ मिठागराचा बांध फोडते. खाडीचं पाणी आत शिरतं आणि वर्षभराचं तयार मीठ विरघळून जातं. प्रश्न दरवर्षी एकच असे: कमळने बांध का फोडला? सरांचं आदर्श उत्तर सुरू व्हायचं ते असं: 'कमळला आपल्या धाकट्या भावाचा मत्सर वाटत होता.' हे वाक्य मी किती वह्यांमध्ये टिक मारून मान्य केलं असेल याला गणतीच नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात त्यांनी मला अनुपमा बाईंच्या हातात दिलं. बाई त्यांच्याच विद्यार्थिनी, याच शाळेत शिकलेल्या आणि याच शाळेत लागलेल्या. सरांचे डोळे भरून आले होते. बाईंचेही. मी मात्र खुशीत होतो, कारण तरुण हात मिळाला होता. पहिली दोन-तीन वर्षं बाईंनी मला सरांसारखंच चालवलं.

आणि मग एक दिवस वर्गातल्या नितेशचा वाढदिवस आला. नितेश म्हणजे बडबड्या, उंच, मिसरूड फुटू लागलेला मुलगा. त्याच्या आईने चॉकलेटांऐवजी वाटायला पेन्सिली आणल्या होत्या, त्याही गुलाबी. पोरगा लाजून लाल झाला होता. त्याने एक बाईंनाही दिली. बाईंनी ती माझ्या शेजारी, टेबलावरच्या मगात ठेवली. स्वस्तातली, पातळ अंगाची, टोक बोथट असलेली. मी तिच्याकडे पाहून नाक मुरडलं आणि विसरून गेलो.

त्याच आठवड्यात बाई कादंबरीवरच्या वह्या तपासत होत्या. सगळ्यांचं उत्तर एकच. थोरल्या भावंडांच्या वह्यांतून उतरलेलं, शब्दाला शब्द जुळणारं. मी टिक मारत सुटलो होतो. मध्येच बाई थांबल्या. त्यांनी वर्गाला विचारलं, "कमळच्या भावाचं नाव काय?" कुणालाच सांगता येईना. नितेश म्हणाला, "बाई, ते उत्तरात नाहीये ना."

बाईंनी मला टोपण लावलं. अर्धवट तपासलेल्या वहीवर, दिवसाढवळ्या, टोपण. आणि त्यांनी मगातून ती पेन्सिल उचलली.

तेव्हापासून बुधवारचा तास वाचनाचा झाला. शाळेच्या ग्रंथालयातून कादंबरीच्या प्रती आल्या. दोघांत एक प्रत, आणि चक्क पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहायची मुभा. आधी वाचायचं, मग आपल्याला काय वाटलं ते लिहायचं. बाई ते तपासत, पण मार्क देत नसत. पेन्सिलीने कडेला बारीक अक्षरात विचारत: 'कुठे?' 'कशावरून?' 'आणखी काही असू शकेल का?' बस्स. ना फुली, ना टिक.

पोरं वैतागली. नितेश म्हणाला, "बाई, डायरेक्ट उत्तर सांगा ना. पाठ करून टाकतो, विषय संपला."

"मला माहीत असतं तर सांगितलं असतं रे," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत नाही?" नितेशने वर्गाकडे वळून पाहिलं. "वाट लागली मग आपली."

मीही मगातून हेच म्हणत होतो. पण हळूहळू गोष्ट हाताबाहेर जाऊ लागली. मुलं भांडू लागली. मारामारी नव्हे, कमळवरून. एक म्हणे ती दुष्ट आहे, दुसरी म्हणे पान उलट आणि वाच. मधल्या सुट्टीत डबे उघडे ठेवून ती पुस्तकात डोकं घालून बसू लागली. आणि प्रत्येक जण बाईंच्या टेबलाशी येऊन म्हणे, "बाई, पेन्सिलीने काय लिहिलंत ते कळलं नाही, सांगा ना." माझ्या काळात मुलं टेबलापासून लांब पळत. माझ्या फुलीचा अर्थ विचारायला कधी कुणी आलं नाही.

मी तिच्यावरून नजर काढू शकत नव्हतो. ती कुठे आहे, कुणाच्या हातात आहे, आज तिला टोक काढलं का, बाईंनी तिला केसात खोचलं का, सगळं मला ठाऊक असे. एकदा बाईंच्या पर्समध्ये आम्ही दोघं एकाच कप्प्यात होतो आणि त्या दिवशी मी जरा जास्तच गळलो. पेन गळतात. तिच्या एका अंगावर लाल डाग पडला तो कायमचा. बाईंनी तो पुसून पाहिला, निघाला नाही, आणि त्या हसल्या. मला वाटलं होतं फेकून देतील.

या वर्गात हेमांगी नावाची मुलगी होती. माहुलच्या कोळीवाड्यातून बसने यायची. तिची आई दिवसभर बाजारात मासळी घेऊन बसे. हेमांगी बोलायला कमी, पण एकदा धरलं की सोडत नसे. तिने वहीत लिहिलं की कमळने बांध फोडला तो आईसाठी. का, तर आईच्या पायांना मिठाने भेगा पडल्या होत्या. पेन्सिलीने विचारलं, 'कशावरून?'

हेमांगी टेबलाशी आली. "बाई, माझ्या आईचे पाय बघते ना मी. बर्फाच्या पाण्यात दिवसभर राहून कसे होतात ते. म्हणून कळलं."

"तुझ्या आईचं खरं आहे गं," बाई हलकेच म्हणाल्या, "पण ती या पुस्तकात नाहीये. पुस्तकात कुठे आहे ते दाखव. नाही सापडलं तर तुझं म्हणणं सोडावं लागेल."

हेमांगीचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या बुधवारी ती परत आली, पुस्तकात कागदाचे कपटे खोवून. प्रत्येक कपटा एका पानावर. बाईंनी एकेक पान वाचलं आणि पेन्सिलीने तिच्या उत्तराच्या शेवटच्या ओळीखाली एक छोटीशी रेघ ओढली. नुसती रेघ. पण हेमांगी जागेवर गेली ती जणू तिला ढाल मिळाली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सुदैवाने, म्हणजे तेव्हा मला ते सुदैव वाटलं, पालकांची तक्रार आली. मुलांच्या वह्यांत उत्तरंच नाहीत, पुढच्या वर्षी दहावी, काय लिहिणार ही पोरं? मुख्याध्यापिका माधुरी बाईंनी अनुपमा बाईंना बोलावलं. त्या रागावल्या नाहीत, पण साफ म्हणाल्या, "अनुपमा, पालकांना मी किती दिवस थोपवणार? सहामाहीचा पेपर देवव्रत सरांना तपासायला देऊ. त्यांच्या तपासणीत मुलं टिकली तर तुझा वाचनाचा तास चालू. नाहीतर दिवाळीनंतर बुधवारी उत्तरांचा सराव घ्यायचा, पूर्वीसारखा."

अनुपमा बाई वर्गात परत आल्या आणि त्यांनी मुलांना सगळं खरं सांगितलं. नितेशने विचारलं, "मग आता काय करायचं? जुनं पाठ करायचं की आपलं लिहायचं?"

"ज्याचं त्याने ठरवायचं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. तो तास गेला असता तर त्यांचं काय गेलं असतं हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरी तो जावा अशीच माझी इच्छा होती.

पेपर झाला. एका दुपारी सर शिक्षकांच्या खोलीत आले. केस पूर्ण पांढरे झालेले, चाल मंदावलेली, पण बसणं तसंच ताठ. बाईंनी तिथे आणून ठेवलेल्या मगात मला पाहून ते म्हणाले, "अरे, हा आहे अजून?" त्यांनी मला उचललं, शाई भरली, आणि माझ्या अंगात पुन्हा जीव आला. पेन्सिल मगात एकटी पडली होती. मी तिला शेवटचं पाहून घेतलं आणि कामाला लागलो.

अर्ध्या मुलांनी भीतीने जुनंच उत्तर लिहिलं होतं. टिक, टिक, टिक, टिक. मग हेमांगीचा पेपर आला. पहिलंच वाक्य: 'कमळला भावाचा मत्सर वाटत नव्हता.' पुढे पानांचे क्रमांक देऊन दीड पान लिहिलेलं. सरांनी ते पहिलं वाक्य वाचलं, कपाळाला आठी घातली आणि मला खाली आणलं. मी फुली मारली. मित्रांनो, इतक्या आवेशाने मी जन्मात फुली मारली नव्हती. कागद खालच्या पानापर्यंत कोरला गेला. बाजूला शून्य.

तेवढ्यात तास संपवून अनुपमा बाई आत आल्या. त्यांनी ती फुली पाहिली. मला वाटलं आता वाद होणार. पण त्या सरांसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "सर, मी तुमच्याच हाताखाली शिकले. तुम्ही दिलेले मार्क मी बदलायला सांगणार नाही. फक्त तिने पानं दिलीत, ती एकदा उघडून बघाल?"

"कादंबरी मला पाठ आहे, अनुपमा."

"उत्तर पाठ आहे, सर," बाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो हे कळून त्यांनी मान खाली घातली.

सरांनी पुस्तकासाठी हात पुढे केला. बाईंनी वर्गातली एक प्रत आणून दिली, समासभर पेन्सिलीचं लिखाण असलेली. सरांनी हेमांगीने दिलेलं पहिलं पान काढलं, मग दुसरं. चौथ्या पानानंतर ते उलट गेले, पुस्तकाच्या पहिल्या पानावर, आणि तिथून वाचू लागले. शिपाई चहा ठेवून गेला, त्यावर साय धरली. मी टोपणाविना टेबलावर पडून होतो आणि माझी निब सुकत होती. वाचून झाल्यावर सरांनी चष्मा काढला. "मी हे वाचलं होतं गं," ते म्हणाले, "नोकरीला लागलो त्या वर्षी. एकदाच. मग आपलं उत्तरच शिकवत राहिलो. ते पाय मला दिसले नव्हते."

पण सर ते सर. लगेच हार मानतील तर कसले. त्यांनी हेमांगीला बोलावून घेतलं. ती दारात उभी राहिली आणि तिला सगळ्यात आधी दिसली ती माझी फुली. तिने ओठ घट्ट मिटले.

"पायांचं मान्य," सर म्हणाले. "बाप मांडवात सांगतो की या मिठाच्या पैशावर मिठागराची आणखी दोन खाचरं घेणार, म्हणजे आईला आणखी राबावं लागणार. हेही मान्य. पण त्याचबरोबर मत्सरही असेल की. नव्हताच, असं कशावरून म्हणतेस?"

मी कान टवकारले.

"सर, जिला जळायचंय ती भावाकडे बघेल ना?" हेमांगी म्हणाली. "आपण ज्याच्यावर जळतो त्याच्याकडेच बघत बसतो सारखं. लग्नाचा अख्खा भाग मी शोधला. कमळ भावाकडे एकदापण बघत नाय. तिचं सगळं लक्ष आईच्या पायांकडे. बाप बोलतो तेव्हापण, बांध फोडायला जाते तेव्हापण."

आणि मित्रांनो, मी मगाकडे पाहिलं. म्हणजे मी आधीपासून तिथेच पाहत होतो. त्या पोरीने कमळला वाचलं होतं, पण वाचता वाचता मलाही वाचलं होतं. इतकी वर्षं 'मत्सर' या शब्दावर मी टिक मारत आलो आणि तो कसा दिसतो हे मला, त्यात बुडालेल्याला, कळलं नव्हतं.

सरांनी मला उचललं. पण फुली तर मारून झाली होती. माझ्या डोक्यावर रबर नाही. माझं लिहिलेलं पुसता येत नाही, आणि याच गोष्टीचा मी आजवर तोरा मिरवला होता. परीक्षेच्या कागदावर मार्क बदलले तर तपासणाऱ्याला बाजूला सही करावी लागते. सरांनी उभ्या आयुष्यात तशी सही कधी केली नव्हती, त्यांचा तो अभिमान होता. त्या दुपारी त्यांनी शून्यावर रेघ ओढली, शेजारी पाच लिहिले, आणि सही केली. मग त्यांनी तपासून झालेला सगळा गठ्ठा पुन्हा पुढ्यात ओढला आणि पहिल्या पेपरापासून सुरुवात केली.

जाताना ते माधुरी बाईंना म्हणाले, "तास बंद करू नका. पालकांशी मी बोलतो. आणि बुधवारी मीपण येणार, मागच्या बाकावर बसेन."

तास राहिला. सर दर बुधवारी येतात. अनुपमा बाईंनी मला त्यांच्या हवाली केलं, म्हणून मी पुन्हा त्यांच्या खिशात असतो, अगदी छातीशी. तुम्ही म्हणाल, आता तरी सुखी हो. कसा होऊ? सर बाकावर बसतात, पुस्तक उघडतात आणि बाईंना म्हणतात, "ती गुलाबी दे गं जरा." मी त्यांच्या छातीशी आणि ती त्यांच्या बोटांत. ती झिजून आता करंगळीएवढी झाली आहे. त्याचाही मला हेवा वाटतो. मी अजून होतो तेवढाच लांब आहे.

तर मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी मागायचं असतं. पेनाने मागायचं म्हणजे, निब धुवा, टोपण लावा, उन्हात ठेवू नका. तेही करा. तुमच्या उत्तरावर माझ्यासारख्या कुणी फुली मारली तर घाबरू नका, पान काढून दाखवा. पण माझं खरं मागणं वेगळं आहे.

गेल्या बुधवारी तास सुटला तेव्हा ती सरांच्या हातातून निसटली. सरांना ऐकू कमी येतं, त्यांना कळलं नाही. बाईंनी टेबल शोधलं, पर्स उलटी केली. हेमांगी आणि नितेश फळ्यापासून दारापर्यंत ओणवे होऊन शोधत होते. कुणाला सापडली नाही. ती कुठे गेली हे वर्गात फक्त एकालाच माहीत आहे, कारण तिच्यावरून नजर न काढणारा वर्गात एकच आहे. खिडकीकडच्या रांगेत, भिंतीला टेकलेल्या शेवटच्या बाकाचा मागचा पाय आहे ना, त्याच्या आणि भिंतीच्या फटीत. गुलाबी रंग, एका अंगाला लाल डाग. मला बोलता येत नाही, म्हणून हे सगळं लिहिलं.

जरा वाकून बघा आणि तिला सरांच्या हातात द्या. जळायला मला समोर कुणीतरी हवं.